भरीव कुबड्या

सगळे त्यांना नर्सबाई म्हणत. दवाखान्यातली नोकरी संपली, तरी हात स्वस्थ बसेनात. मग घरालगतच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या जमवल्या. ज्याला गरज असेल त्यानं न्यावं, बरं वाटलं की परत आणावं. भाडं नाही, चिठ्ठी नाही. लांबच्या वस्त्यांवर सामान पोहोचवायला मुलगा आणि त्याचा टेम्पो होताच.

एका सोमवारी नाक्यावर पोलिसांनी तो टेम्पो अडवला. कुबड्यांच्या पोकळ नळ्यांत नशेच्या गोळ्या निघाल्या. मुलाला अटक झाली आणि खोलीतलं झाडून सगळं सामान तपासणीसाठी गेलं.

गावानं त्यांच्याशी बोलणंच टाकलं. किराणावाला सामान बांधून द्यायचा, पण मान वर करायचा नाही. ज्यांच्या घरी वस्तू होत्या, त्यांनी त्या भल्या पहाटे कुंपणाशी टाकून पळ काढला. शिवण शिकायला येणाऱ्या बायका सुनेकडे फिरकेनाशा झाल्या.

"आई, खोलीला कायमचं कुलूप लावू या," सून म्हणाली.

"आधी माफी मागून येते," नर्सबाई म्हणाल्या आणि चपला चढवून निघाल्या.

कुणी दार किलकिलं केलं, कुणी तेवढंही नाही. शेवटच्या घरात पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा होते. त्यांचा वॉकर अजून त्यांच्यापुढेच उभा!

"तुम्ही नाही आणून टाकलात?"

"आणणार होतो की! पण तिथवर चालायला हाच लागतो. आणि तिथं ठेवला, तर घरी काय लोळत येऊ?"

पंधरा दिवसांत नर्सबाई पहिल्यांदा हसल्या. हसता हसता डोळे वाहायला लागले. आजोबांनी पाण्याचा पेला पुढे केला. "पोरगं चुकलं, त्याची शिक्षा ते भोगेल. ज्यांचे पाय मोडलेत, त्यांनी का भोगायची?"

दुसऱ्या दिवशी आजोबा नर्सबाईंना सोबत घेऊन, वॉकर खडखडवत भर बाजारातून निघाले. दुकानादुकानापुढे थांबून ओरडत, "घ्या तपासून! नळीत माझं गुडघ्याचं तेल आहे, तेवढं सांडू नका!" किराणावाला खो खो हसत बाहेर आला आणि नर्सबाईंना म्हणाला, "या बाई, बसा घटकाभर."

दुपारी गावातला सुतार नर्सबाईंच्या दारात हजर. त्यानं रंधा मारून गुळगुळीत केलेल्या लाकडी कुबड्यांची जोडी पुढे ठेवली. "भरीव आहेत, बाई. यात टाचणी लपवून दाखवावी कुणी!"

खोलीचं कुलूप सुनेनंच उघडलं. सामान पोहोचवायला दूधवाल्याची गाडी मिळाली. मागे कॅन, वर कुबड्या आणि पुढे पदर खोचून बसलेली सून. दोन महिन्यांनी कोर्टाच्या हुकुमानं जुन्या वस्तू परत आल्या. त्या घेऊन आलेला हवालदार घुटमळत म्हणाला, "बाई, एक खुर्ची मिळेल का? वडलांना हवी होती."

"उतरवायच्या आधीच निवडून ठेवा," सून म्हणाली.

मुलानं गुन्हा कबूल केला, त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातल्या भेटीत तो खाली मान घालून बसला होता. "आई, मी सगळं बुडवलं ना?"

"छे रे! सुतारानं परवा आठवी जोडी दिली," नर्सबाई म्हणाल्या. "तू सुटून ये. चाकांना वंगण घालायला माणूस कमी पडतोय."

त्याच्या पडलेल्या चेहऱ्यावर हसू फुटलं. मग त्यानं आईशेजारी बसलेल्या बायकोला विचारलं, "खरंच दुधाच्या गाडीवर बसतेस?"

"बसते कसली? आता चालवते!"