जागेपणीचं माप

तीस वर्षं दारं-खिडक्या करून सुतारकाका उपचार केंद्रात आले, ते आधाराशिवाय बसता न येणाऱ्या मुलांच्या खुर्च्या करायला. पहिल्याच खुर्चीने त्यांचं नाक कापलं.

माप द्यायला आलेली चार वर्षांची चिमणी आईच्या मांडीवर गाढ झोपली होती. बरंच झालं म्हणत काकांनी दाराच्या चौकटीसारखी निवांत मापं घेतली. खुर्ची तयार झाल्यावर जाग्या चिमणीला तिच्यात बसवलं, तर पाय काठीसारखे ताठ झाले, अंग पुढे घसरलं आणि पोरीने भोकाड पसरलं.

"हिच्या नशिबात माझी मांडीच आहे," आई डोळे पुसत म्हणाली.

"नशिबाला कशाला बोल लावतेस, पोरी? चूक माझी. झोपेत पाय सैल असतात. मी झोपलेल्या लेकराची खुर्ची केली."

दुसऱ्या दिवशी देवाचं नाव घेऊन त्यांनी जाग्या चिमणीची मापं घेतली. तासभर लागला. तिने टेप ओढली, त्यांच्या कानावरची पेन्सिल पळवली.

"अगं चोरटे, आता लिहू कशाने?"

ती खिदळली, तसे ताठलेले पाय जरासे सैलावले, पण झोपेतल्याइतके नाहीत. तेवढ्यात जागेपणी गुडघे किती वाकतात ते पाहून काकांनी गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप साधलं. मग अंग पुढे घसरू नये म्हणून त्यांनी खुर्चीची बैठक पुढून उचलली आणि गुडघे वाकलेलेच राहावेत म्हणून पावलांखालची फळी वर घेतली.

आठवड्याने चिमणी खुर्चीत बसली, ती घसरलीच नाही. समोरचा चमचा तिने खाली टाकला. आईने उचलून दिला, तिने पुन्हा टाकला.

"टाकू दे गं," काका म्हणाले.

आई हसत होती. चार वर्षांत पहिल्यांदाच ती लेकीच्या समोर बसली होती.