खंडेनवमीचं कुंकू

आज खंडेनवमी. लातूरच्या आमच्या नव्या कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्यात, संगणकाच्या पडद्यांनाही कुंकवाची बोटं लागलीत. त्या कुंकवाचा आणि यंत्राला लावतात त्या तेलाचा मिसळून वास येतो. पोरं पेढा पुढं करतात. मी तो हातात धरून उभा राहतो आणि मला मिस्त्री आठवतात.

तेव्हा एमआयडीसीत आमचं पत्र्याचं एक शेड होतं, धातू कातायचे चार लेथ होते. पुण्याच्या एका कंपनीमार्फत परदेशी मोटारीसाठी पिना बनवायचं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळालं होतं, तेही नमुन्यापुरतं. नमुना पास झाला तर लातूरचा माल साता समुद्रापार जाणार, म्हणून मालक हरखून गेले होते. नांदेडहून नुकती पदविका घेऊन आलेला मी माल तपासायचो. अंगात काय मस्ती होती तेव्हा! लेथ चालवणारे मिस्त्री निलंग्याकडचे, शाळा चौथीपर्यंत, पण तयार पिन अंगठा नि बोटात फिरवून ते सांगायचे, ‘झाली’ किंवा ‘न्हाई’. जाडी मोजायचा मायक्रोमीटर त्यांच्यामागून तेच सांगायचा.

खंडेनवमीला पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही आपली रीत. पण माल त्याच संध्याकाळी पुण्याला जायचा होता. सकाळी मी हौसेनं माझ्या मायक्रोमीटरलाही कुंकू लावलं, चांगलं बोट दाबून, आणि दुपारी तोच उचलून पिना मोजायला बसलो. मोजण्याआधी तो रिकामा मिटून आकडा शून्यावर येतो का, हे तपासायचं भान राहिलं नाही. पिना केसाच्या अंशाएवढ्या जाड भरत होत्या. सगळ्याच. मी त्या पुन्हा लेथवर चढवून बारीक करायला सांगितल्या.

‘‘साहेब, माल बरोबर हाय,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘आता अजून काढला तर वाया जाईल बघा.’’

‘‘मिस्त्री, परदेशात बोट चालत नाही, आकडा लागतो!’’ मी सगळ्यांदेखत म्हणालो. पोरं हसली. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि लेथ चालू केला.

दसरा झाला आणि पुण्याहून फोन आला. सगळा माल बारीक, काम रद्द. मी मायक्रोमीटर उघडून उजेडात धरला. पिन धरायच्या टोकावर कुंकवाचा पातळ थर दबून बसला होता; तेवढ्यानंच पिना जाड भरल्या होत्या. तो मी रुमालानं पुसला. तेवढ्यात मालकांनी हाक मारली आणि विचारलं, चूक कुणाची? मी म्हणालो, ‘‘माप बरोबर होतं. मिस्त्रींचा हात चुकला असेल.’’ एवढं निर्लज्ज वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही. मिस्त्रींना लेथवरून काढून खोकी बांधायला बसवलं. महिनाभरात ते गावी निघून गेले.

पुढं कितीतरी वर्षांनी निलंग्याच्या एसटी स्टँडवर ते भेटले. केवढे आनंदले! चहा पाजल्याशिवाय सोडीनात. कप खाली ठेवून स्वतःच्या बोटांकडं बघत म्हणाले, ‘‘त्या दिवशी ह्या बोटांनी लई दगा दिला बघा साहेब. तवापासून लेथला हात लावला न्हाई. इस्वासच उडाला.’’ सगळं सांगायला मी तोंड उघडलं. समोर लातूरची गाडी लागली. ‘‘चला साहेब, जागा मिळायची न्हाई,’’ म्हणत त्यांनीच माझी पिशवी उचलली, आणि मी गाडीत चढलो. दुसरी गाडी तासाभरात होती. मला ते माहीत होतं.

आता मिस्त्री नाहीत. इथून रोज ट्रक भरून माल बंदराकडं जातो, आणि तो मोजायला माणसाचं बोट लागत नाही. माझ्या खणात मात्र त्या मालातली एक पिन आहे, मिस्त्रींनी ‘झाली’ म्हणून बाजूला ठेवलेली, दुसऱ्यांदा लेथवर न चढलेली. दर खंडेनवमीला मी मायक्रोमीटर दोनदा पुसतो, शून्य तपासतो आणि ती मोजतो.

आजही मोजली. बरोबर भरली.