ड्रमाला जेवू घालणाऱ्या आत्या

आत्यांना कुणी उपाशी राहिलेलं चालत नसे. माणूस असो, मांजर असो, गिरणीमागची कुत्री असोत. त्या यादीत पुढे दोनशे लिटरचा एक निळा ड्रमही आला.

कर्जतजवळच्या आमच्या पोह्यांच्या गिरणीत त्या भात भिजवण्याच्या हौदांवर होत्या. जवळच्या कडाव गावाहून येत. नात्याने त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या, पण मालकही त्यांना आत्याच म्हणत. मी नोंदी ठेवायचो : किती पोती भिजली, किती पाणी सोडलं. त्यांना त्याची भारी गंमत वाटे. "भाऊ, मगाशी मी शिंकले, ती लिवलीस का रं?"

भिजवणीचं पाणी आंबून ओढ्यात जाई. खालच्या वाडीने तक्रार केली आणि नोटीस आली. हौद बंद झाले असते, तर आत्यांसकट नऊ बायकांचं काम गेलं असतं. तेव्हा खोपोलीकडच्या एका कॉलेजातले सर आले. ते म्हणाले, या पाण्यातला पिठूळ अंश जिवाणूंना खाऊ घातला, तर ते हायड्रोजन सोडतात. तो जाळता येतो. मालकांनी दोन महिने दिले. "हायड्रोजन काढून दाखवा, नाहीतर हौद बुजवतो."

जिवाणू शेणातलेच, म्हणून सरांनी शेणकाला उकळून एका निळ्या ड्रममध्ये घातला आणि त्यात रोज भिजवणीचं पाणी सोडायचं ठरलं. उकळल्याने हायड्रोजन खाऊन त्याचा मिथेन करणारे जिवाणू मरतात, कामाचे तेवढे टिकतात. हे त्यांनी मला समजावलं. ड्रमची राखण ज्यांच्याकडे दिली त्या आत्यांना सांगावं, असं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

आत्या रोज ड्रमला कान लावत. "बुडबुड करतंय. पचतंय त्याला." वायू किती निघाला ते मी लिहायचो. पहिले पंधरा दिवस दिवसाला चाळीस लिटरच्या आसपास निघे. मग आकडा चढत साठावर गेला. मी खूश होतो.

मुदत संपायच्या आधी सरांनी वायू तपासून आणला. हायड्रोजन जवळजवळ नव्हताच, बहुतेक मिथेन. मी लिटर मोजत होतो, ते कशाचे, हे पाहिलं नव्हतं.

"आपलं पाणीच नालायक असेल," मालक म्हणाले. "उद्या ड्रम काढा. हौदही बंद."

आत्या कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या गप्प राहिल्या असत्या, तर कुणाला काही कळलं नसतं. पदराला हात पुसत त्या पुढे आल्या.

"शेट, पाण्याला बोल लावू नका. मी त्याला रोज शेण घातलंय. आमच्या म्हशीचं, ताजं. घरच्या गोबरगॅसला घालतो ना आमी, तसं."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाय. नुसत्या आंबट पाण्यावर किती दिस जगंल ते? मला दया आली. काढायचं तर मला काढा. त्याला नका."

सर एकदम हसले. "अहो आत्या, म्हणजे पाणी चांगलं आहे! हायड्रोजन खाणारे जिवाणू रोज तुम्हीच आणून सोडत होतात!"

मालकांनी महिनाभर मुदत वाढवली. या वेळी शेणकाला आत्यांनीच उकळला, चुलीसमोर बसून, सरांनी सांगितलं त्याच्या दुप्पट वेळ. बाराव्या दिवशी सरांचा फोन आला : निम्म्याच्या आसपास हायड्रोजन.

आता तिथे दोन टाक्या आहेत. पहिलीत हायड्रोजन होतो. तिच्यातून निघालेलं पाणी दुसरीत जातं आणि मिथेन देतं. आत्यांचं ताजं शेण तिथे उपयोगी पडलं. दोन्ही वायूंवर भात भिजवायचं पाणी तापतं, तेही अर्धंच. उरलेल्याला भुसा जाळावा लागतो. पण ओढ्याला तो वास नाही आणि नऊही बायका कामावर राहिल्या.

गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे आत्यांनी काम सोडलं. त्या दिवशी वहीत मी एक नवा रकाना आखला : 'आज वेगळं काय केलं?' त्याखाली आधी मीच लिहिलं : 'आत्यांना कारण सांगायचं राहिलं होतं.' मग वही हौदाजवळच्या खिळ्याला टांगली.

परवा त्यात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं : 'पहिल्या टाकीत साबणाचं पाणी सांडलं. अर्धी बादली. माझ्या हातून.' खाली नाव होतं, पूर्ण.