मावशीची तारीख

माझी नणंद दातांच्या कवळ्या बनवते. चाळीस वर्षं परक्यांचे जबडे हाताळल्यामुळे असेल, पण ती माणसाच्या तोंडाकडे आधी बघते आणि डोळ्यांकडे नंतर. घरात आम्ही तिला कवळीताईच म्हणतो. तिनं लग्न केलं नाही, आईला सांभाळलं. मी तिच्या धाकट्या भावाची बायको. दर रविवारी डबा घेऊन जाते आणि तिची कुरकुर ऐकते.

कुरकुर एकाच गोष्टीची. सासूबाईंची थोरली बहीण दुसऱ्या महायुद्धात हरवली. आम्हा ज्यूंमध्ये माणूस गेल्याच्या तारखेला दरवर्षी दिवा लावतात, पण या बहिणीची तारीखच कुणाला ठाऊक नाही. चौऱ्याण्णव वर्षांच्या सासूबाईंचा धोशा एकच, "मी जायच्या आत तारीख शोध." ती गेली याबद्दल मात्र शंका नव्हती. आमच्यात मुलाला गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात, जिवंत माणसाचं कधीच नाही, आणि कवळीताईला मावशीचंच नाव दिलेलं. तिथेच विषय संपला होता.

नऊ वर्षं दर रविवारी दुपारी ती कॉम्प्युटरसमोर बसली. घराण्यांचा शोध घेणाऱ्यांची ऑनलाइन व्याख्यानं, जहाजांच्या प्रवासी याद्या, थडग्यांचे फोटो. पडद्यावर पन्नास चौकोन, निम्म्यांत नुसती कपाळं, आणि कुणाच्या तरी घरातला कुत्रा सगळ्यांच्या कानात भुंकतोय. ताई थकली होती. खरं सांगायचं तर मीही कंटाळले होते. त्या न पाहिलेल्या मावशीचा मला रागच यायचा.

गेल्या महिन्यात एका निवृत्त ग्रंथपालबाईंचं व्याख्यान होतं. युद्धानंतर लोकांनी आपल्या मेलेल्या नातेवाइकांचे फॉर्म भरून दिले होते, ते आता ऑनलाइन बघता येतात. बाई म्हणाल्या, "नुसतं मेलेल्याच्या नावानं शोधू नका. फॉर्म कुणी भरला, त्या नावानंही शोधा."

"हेही करून बघू, आपलं काय जातंय," ताई पुटपुटली आणि भरणाऱ्याच्या रकान्यात तिनं मावशीचं माहेरचं नाव टाकलं.

एकच फॉर्म आला. भरणारी, मावशी. मृत व्यक्ती, आमच्या सासूबाई. फॉर्म भरल्याची तारीख पाहिली तर कवळीताई तेव्हा दोन वर्षांची होती.

मृत व्यक्ती शेजारच्या खोलीत खोकत होती. मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

"नऊ वर्षं मी मावशीला मेलेल्यांत शोधत बसले," ताई म्हणाली. "आणि आईला तिथं शोधायचं कुणाला सुचणार होतं?"

फॉर्मवर पत्ता होता, परदेशातल्या एका शहराचा. तिथल्या दफनभूमीची यादीही ऑनलाइन निघाली. मावशी एकवीस वर्षांपूर्वी गेली होती. मूलबाळ नव्हतं.

"तारीख तेवढी सांगा," मी म्हटलं. "वर्ष कशाला सांगायचं? या वयात उगाच जिवाला घोर."

"जन्मभर चुकीचं धरून चालली ती. आता मीही फसवू?" ताई म्हणाली. तिनं दोन्ही कागद छापले आणि आईच्या हातात दिले.

सासूबाईंनी भिंग लावून फॉर्म वाचला. अक्षर त्यांनी ओळखलं. "सतरा लिहिलंय माझं वय! ताटातूट झाली तेव्हा अठरा होतं मला. हिच्या कधी काही लक्षात राहायचं नाही," त्या करवादल्या. मग दुसरा कागद घेतला. तो वाचायला त्यांना फार वेळ लागला. ताई त्यांच्या पायाशी बसून राहिली.

"म्हणजे ती गेली तेव्हा मी त्र्याहत्तरची होते," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "चांगलं चालता येत होतं गं मला तेव्हा."