ओल्या रेशमाची गाठ

गाठ सुटत नव्हती. मी पाण्याखाली होते, आमचे हे माझ्या मानेला मिठी घालून लोंबकळत होते, आणि माझ्या पदराची त्यांच्या अंगवस्त्राशी घातलेली गाठ पाण्यात दगडासारखी आवळली होती. मला पोहता येत होतं, कावेरीकाठची मुलगी मी. ह्यांना येत नव्हतं. जन्म कुंभकोणम्‌चा, पण हा माणूस घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली कधी उतरला नाही.

गाठ सासूबाईंनी घातली होती. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नव्हतं, म्हणून आम्ही तिघं रामेश्वरम्‌ला आलो होतो. जोडप्यानं गाठ बांधून समुद्रस्नान करायचं ही सगळ्यांचीच रीत. स्नान झालं की सोडतात. सासूबाईंनी त्यात आपली भर घातली. "घरी जाऊन महामहम् कुंडात बुडी मारल्यावर सोडायची. कळलं काय गे?" पदर माझ्या कमरेला, अंगवस्त्र त्यांच्या कमरेला, दोन दोन वेढे. रस्त्यात लोक हसायचे. मी कुशीवर वळले की हे जागे, हे उठले की मी उभी. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा जीव नुसता तळमळत होता.

त्यात ह्यांना शंख काढणारे पाणबुडे बघायची हौस आली. तिरुभुवनम्‌च्या रस्त्यावर रेशमाच्या दुकानात दिवसभर गादीवर बसणारा माणूस, त्याला समुद्राचा तळ बघायचा होता. सासूबाई काठावर थांबल्या. आम्ही होडीत बसलो. एक पाणबुडा दोराच्या दगडावर पाय ठेवून त्याच्या वजनानं खाली गेला. पाणी इतकं स्वच्छ की त्याचे हात दिसत होते.

"कडल पसु!" नावाडी ओरडला. म्हणजे समुद्रातली गाय. होडीच्या बाजूला करडी पाठ वर आली, दोन बैलांएवढी. हे उभे राहिले आणि वाकले. ते पडले म्हणून मीही पडले.

खाली ते जनावर हातभर अंतरावर होतं. तळाचं गवत खात होतं. चिंचोक्याएवढ्या डोळ्यानं त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला आमचं काही पडलं नव्हतं. मग ते वळलं, शेपटीनं पाणी घुसळलं, आणि त्या झोतात ह्यांचे हात माझ्या मानेवरून सुटले.

तेवढं मला पुरलं. माझं माहेर दारासुरम्‌चं, शेजारी सगळे विणकर. रेशमाची ओली गाठ नखांना दाद देत नाही, दातांना देते, हे लहानपणीच पाहिलं होतं. मी गाठ दातांत धरून ओढली. ती सुटली आणि मी वर आले. ह्यांना घेऊन नाही. एकटी.

ह्यांना त्या पाणबुड्यानं शेंडी धरून वर आणलं. त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

काठावर हे पोट धरून खारं पाणी ओकत होते. सासूबाईंची नजर माझ्या मोकळ्या पदरावर.

"गाठ कोणे सोडिली?"

मी तोंड उघडलं. ह्यांनी मान वर न करता म्हटलं, "माशानं."

"मासा गाठ सोडितो काय रे?"

"मोठा होता, आई."

पाणबुड्याला आमचं तंजावरी मराठी कळेना. त्यानं नाक पुसत मला तमिळमध्ये विचारलं, "माणूस जिवंत आहे ना अम्मा? मग म्हातारी का ओरडते?"

सासूबाईंनी पुन्हा गाठ घालायला हात पुढे केला. ह्यांनी अंगवस्त्र सोडून पिळलं आणि खांद्यावर टाकलं. परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोरच्या बाकांवर बसलो. मला एका जागी बसवेना. दर स्टेशनला उठत होते. हे बघत होते, पण काही विचारत नव्हते. पुढेही कधी विचारलं नाही. पदराच्या टोकावर माझे दात उमटलेले होते, ते त्यांनी पाहिले होते.

मूल झालं नाही. हे त्यानंतर एकतीस वर्षं जगले. मी अजून आहे.