गार लागणारी पेटी

बॅटरीवाल्या आत्याचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली आणि भिंतीला लागून लांबलचक टेबल. स्कूटरच्या थकलेल्या बॅटऱ्या ती उघडायची, मेलेले सेल बदलायची आणि सेलांमधल्या फटींत मेण ओतायची. सेल तापले की मेण ती उष्णता पोटात घ्यायचं, मग पेटीच्या ॲल्युमिनियममधून ती हळूहळू हवेत जायची. ना पंखा, ना पंप. पेटी तापते म्हणून गिऱ्हाईक कुरकुरत आलं की आत्या त्याची शाळाच घ्यायची. पेटी तापते म्हणजे आतली उष्णता बाहेर पडतेय, गार राहिली तर घाबरा!

आणि अशा बाईनं ही चूक करावी, म्हणजे कमालच झाली.

तिचा धाकटा भाऊ स्कूटरवरून पार्सलं पोचवायचा. बॅटरीची पेटी पायापाशी, आणि शाळेत जाताना त्याची सहा वर्षांची लेक तिथेच उभी राहायची. एकदा पोरीची पोटरी पेटीला टेकली आणि टरारून फोड आला. आत्याचा जीव कासावीस झाला. त्याच दिवशी तिनं जाड फोमचं पांघरूण शिवून पेटीवर घट्ट चढवलं. पेटी हाताला गार लागू लागली. भाची खूश, भाऊ खूश, आणि आत्या तर येता-जाता हात लावून स्वतःवरच खूश.

दोन महिन्यांनी गाडी अर्ध्या वाटेत बंद पडू लागली. आत्यानं झाकण उघडलं. मेण वितळून एका कोपऱ्यात साचलं होतं. चार सेलांची वेष्टनं करपून काळी पडली होती.

सेलच वाईट निघाले असं तिनं म्हटलं असतं, तरी भावानं मान डोलावली असती. लहानपणापासून तो तिचा शब्द खाली पडू देत नसे.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "पांघरुणानं उष्णता आतच कोंडली. बॅटरीनं पेट घेतला असता."

भावानं स्कूटरच्या पायापाशी, पेटीच्या जागेकडे बोट दाखवलं.

"ताई, पोरगी रोज इथेच उभी असते."

त्यानं चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

आठवड्याभरात तिनं नवी बॅटरी बसवली. पेटी उघडी ठेवली आणि पाय लागू नये म्हणून पुढे जाळी लावली. भावानं तिचे आभार मानले. बहिणीचे आभार त्यानं आजवर कधीच मानले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या दुकान उघडत होती. समोरच्या फुटपाथवरून लेकीचं दप्तर खांद्याला अडकवून भाऊ तिला शाळेत चालत नेत होता.