केशरी केसांची बाई

मुलांनो, तुम्ही मला ज्या भडक रंगांच्या सायकेडेलिक पोस्टरांचे फोटो पाठवता, तशी खरी पोस्टरं सत्तर सालच्या सुमारास आपल्या धंतोलीच्या घरात होती. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत शिकत होता. तिथल्या रॉक कार्यक्रमांची पोस्टरं आणि छोटी पत्रकं तो जमवायचा, आणि खोलीत जागा नाही म्हणून गुंडाळी करून माझ्याकडे पाठवायचा. चादरींच्या घड्यांमध्ये मी ती सपाट ठेवत असे. ते संगीत मी कधी ऐकलं नव्हतं, पण एक पोस्टर मला फार आवडे. जांभळ्या रंगावर केशरी केसांची बाई, आणि केसांतूनच वळत गेलेली अक्षरं. इंग्रजीत एम.ए. असूनही ती वाचायला मला अख्खी दुपार लागली होती. भाऊ सुटीवर येऊन सगळं परत नेणार म्हटल्यावर मला त्या एका पोस्टरासाठी चुटपुट लागली.

तो यायच्या आदल्या दिवशी मी ते पलंगावर पसरून ठेवलं. संध्याकाळी पाहते तर ते देवापुढे! आपल्याकडे लग्नाच्या पहिल्या पत्रिकेला लावतात तसं, चारही कोपऱ्यांना ओलं हळदकुंकू.

"आई, हे काय केलंत?"

सासूबाई फुगून बसल्या होत्या. "भावाचं लगन जमलं, अन् पत्रिका लपवून राहिली तू! काहून वं, मी का कोनी परकी?"

"पत्रिका नाही हो. गाण्याच्या कार्यक्रमाची जाहिरात आहे."

"मंग हे नवरी कोन?"

दुसऱ्या दिवशी भावाने पोस्टर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, याच्या बदल्यात मला एक दुर्मीळ पत्रक मिळणार होतं. डाग पडलेलं आता कोणी घेणार नाही."

तेवढ्यात दारात उभ्या सासूबाई त्याला दिसल्या. तो हसून म्हणाला, "मावशी, नवरी सापडली की खरी पत्रिका तुमच्याच हातात देतो." मग हळूच मला म्हणाला, "हे राहू दे तुझ्याकडेच."

मला इतका आनंद झाला की तो कोणाला दिसू नये म्हणून मी कपाटाकडे तोंड फिरवलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, अगदी मऊ.

"रडू नको वं. धरमपेठेतून मोठं कॅलेंडर आनून देतो तुले. लक्ष्मीचं. केसं नीट विंचरलेली राहते तिची."